वर्षाचे पैसे भरण्याआधी: घरच्या व्यायामाच्या पंधरा आठवड्यांच्या नोंदी

रविवार, १ जून २०२५

सकाळी धाकट्या बहिणीचा चंद्रपूरहून फोन आला. घरी करायच्या व्यायामाचा एक ऑनलाइन कार्यक्रम तिला वर्षभरासाठी घ्यायचा आहे, किंमत सहा हजारांच्या आसपास आहे आणि आज रात्री बारापर्यंतच सवलत आहे. जानेवारीत मीही असाच एक कार्यक्रम घेतला होता, म्हणून "ताई, घेऊ का गं?" एवढ्याच प्रश्नाचे उत्तर तिला माझ्याकडून हवे होते. मला ते देता आले नाही, कारण माझे पैसे वाया गेले होते आणि ते नेमके कशामुळे गेले, याचा मी कधी विचारच केला नव्हता. तिला आज पैसे भरू नकोस असे सांगितले आणि ही वही सुरू केली.

हिशेबाच्या खात्यात अठरा वर्षे काम करते आहे, त्यामुळे सुरुवात आकड्यांनी करते. ५ जानेवारीला ४,९९९ रुपये भरले. आजपर्यंत ११ दिवस व्यायाम केला. म्हणजे एका दिवसाच्या व्यायामाला साधारण ४५४ रुपये पडले, आणि तेवढ्या पैशांत आमच्या डोंबिवलीत एखादा प्रशिक्षक घरी येऊन समोर उभा राहून शिकवून गेला असता.

का सुटले, तेही आठवेल तसे लिहून ठेवते. प्रत्येक चित्रफीत ४५ मिनिटांची होती आणि मला ७:२३ ची लोकल गाठायची असते. निम्मे व्यायाम उड्यांचे होते. पहाटे साडेपाचला आमच्या दिवाणखान्यात उडी मारली की खालच्या मजल्यावरच्या आजींची झोप मोडते, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी तसे अगदी सौम्यपणे सांगितलेही. जे जमत नव्हते त्याच्या जागी दुसरे काय करावे, हे चित्रफितीत कोणी सांगत नव्हते. आणखी एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. पैसे भरताना पानावर उलटे घड्याळ चालू होते आणि सवलत संपायला अठरा मिनिटे उरली होती. दुसऱ्या दिवशी तेच पान उघडले, तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेले होते.

बुधवार, ४ जून

पैसे परत मिळतात का, हे पाहण्यात संध्याकाळचा सव्वा तास गेला. अटींमध्ये सात दिवसांच्या आत मागितल्यासच परतावा मिळेल असे लिहिले होते, आणि ती ओळ पैसे भरण्याच्या पानावर नसून वेगळ्या दुव्याच्या आत होती. ग्राहकांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली. ही मदतवाहिनी तक्रार कंपनीकडे पाठवते आणि तिचे उत्तर आपल्याला कळवते. निकाल देण्याचा अधिकार तिला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी संकेतस्थळांवरच्या आणि ॲपमधल्या फसव्या रचनांबाबत (डार्क पॅटर्न) मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि त्यांत १३ प्रकार नावानिशी सांगितले आहेत. खोटी घाई निर्माण करणे आणि सबस्क्रिप्शनच्या सापळ्यात अडकवणे हे त्यांतलेच दोन. तक्रारीत मी उलट्या घड्याळाचा उल्लेख केला, पण माझ्याकडे त्याचे छायाचित्र नव्हते. ही माझी चूक. पैसे भरताना प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवायला हवा होता.

आज खरा उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. यूपीआय ॲपमधला ऑटोपेचा भाग उघडून पाहिला, तर दरवर्षी ४,९९९ रुपये वळते करण्याची परवानगी तिथे चालू अवस्थेत होती. फोनमधून कार्यक्रमाचे ॲप मी एप्रिलमध्येच काढून टाकले होते आणि त्यामुळे विषय संपला असे समजत होते. ॲप काढल्याने परवानगी रद्द होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा ठरावीक वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही. किमान २४ तास आधी सूचना मात्र यावी लागते, आणि पगाराच्या, विजेच्या, बँकेच्या संदेशांच्या गर्दीत ती सूचना माझ्याकडून नक्कीच निसटली असती. परवानगी तिथल्या तिथे रद्द केली. ज्यांनी प्ले स्टोअरमधून खरेदी केली असेल, त्यांनी तिथल्या सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन ती वेगळी बंद करावी.

रविवार, ८ जून

काही विकत घेण्याआधी मला नेमके काय हवे आहे आणि मी आज कुठे आहे, हे मोजायचे ठरवले. आमच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब तपासून घेतला आणि डावा गुडघा दाखवला, कारण जिना उतरताना तो दुखतो. तपासणीचे ४०० रुपये झाले. गुडघ्याला सूज नाही, चालणे आणि मांड्या बळकट करणे चालेल, उड्या नकोत आणि दुखणे वाढले तर लगेच दाखवायला यायचे, असे त्यांनी सांगितले. पंचेचाळिशीच्या माणसाने कोणताही कार्यक्रम घेण्याआधी हे चारशे रुपये खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जानेवारीत मी ते केले नव्हते.

किती व्यायाम पुरे, याचे उत्तर विकणाऱ्याकडून घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. स्थानकापासून घरापर्यंत भरभर चालले तर २५ मिनिटे लागतात. म्हणजे सहा दिवस रिक्षा सोडली की १५० मिनिटे फुकटात भरतात. मला उणीव आहे ती दुसऱ्या भागाची.

आजची मोजमापे अशी: ओट्याच्या कडेवर हात ठेवून ९ जोर, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून तीस सेकंदांत १४ वेळा उठणे-बसणे, कोपरांवर फळीसारखे स्थिर राहणे २२ सेकंद, कंबर ३८ इंच. दिवाण भिंतीला सरकवल्यावर सव्वासहा फूट बाय चार फूट जागा मिळते. प्लास्टिकची चटई फरशीवर सरकत होती आणि जोर काढताना हातच पुढे जात होते, म्हणून संध्याकाळी ६ मिलिमीटर जाडीची रबरी मॅट ६४९ रुपयांना आणि ताणायचे रबरी पट्टे ५५० रुपयांना आणले.

रविवार, १५ जून

आठवडाभर लोकलमध्ये येता-जाता पाच कार्यक्रम पाहिले. नावे मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रकार समजला की नावाची गरज उरत नाही. दोन ठिकाणी नुसता चित्रफितींचा साठा आहे. दोन ठिकाणी ठरावीक वेळेला थेट वर्ग भरतो. एका ठिकाणी व्हॉट्सॲपचा गट, आहाराचा तक्ता आणि एकवीस दिवसांत वजन उतरवण्याचे आश्वासन मिळते. तीन ठिकाणी पहिल्या पानावरची किंमत आणि शेवटच्या पानावरची किंमत वेगळी निघाली, कारण जीएसटी शेवटी जोडला जात होता.

पाचही ठिकाणी मी एकच प्रश्न पाठवला: "वय ४५, जिना उतरताना डावा गुडघा दुखतो, डॉक्टरांनी उड्या टाळायला सांगितल्या आहेत, स्क्वॉटऐवजी मी काय करावे?" पैसे न भरता करता येणारी ही सर्वांत उपयोगी परीक्षा ठरली. एकाकडून काहीच उत्तर आले नाही. दोघांकडून सवलतीचे कूपन आले. एकाकडून आधीच तयार केलेला मजकूर आला, त्यात गुडघ्याचा उल्लेखही नव्हता. पाचव्या ठिकाणच्या प्रशिक्षिकेने मात्र उलट मलाच प्रश्न विचारले: चढताना दुखतो की फक्त उतरताना, सूज येते का, आणि खुर्चीवरून उठताना त्रास होतो का. मुलाखतीला आलेल्या माणसाचे पाणी त्याने विचारलेल्या प्रश्नांवरून कळते, हा कार्यालयातला अनुभव इथेही खरा ठरला.

तरीही आज कुठेही पैसे भरले नाहीत. आधी चार आठवडे फुकट उपलब्ध असलेल्या साधनांवर काढायचे आणि मी खरोखर पहाटे उठते का, हे पाहायचे ठरवले आहे.

शुक्रवार, २० जून

पहिल्या आठवड्यातली मोठी चूक लिहून ठेवते. सोमवारी केंद्र सरकारचे फिट इंडियाचे ॲप उघडले, मंगळवारी यूट्यूबवर योगासने शोधली, बुधवारी डेअरबी या फुकट संकेतस्थळावरचे तक्ते चाळले. तिन्ही साधने आपापल्या जागी चांगली आहेत. पण बुधवारी घड्याळ पाहिले तेव्हा शोधण्यात वीस मिनिटे गेली होती आणि व्यायामाला बाराच उरली होती. काल उठलेच नाही, कारण आज काय करायचे हे ठरवण्याचाच कंटाळा आला होता. पैसे घेणारे कार्यक्रम जी एक गोष्ट खरोखर देतात ती हीच आहे: उद्या काय करायचे हे आधीच ठरलेले असते. ती गोष्ट कमी मोलाची नाही.

मात्र ती एका कागदावर मावते. काल रात्री मुलाच्या वहीचे एक पान घेऊन लिहिले: सोमवार, बुधवार, शुक्रवार ओट्यावरचे जोर, खुर्चीवर उठबस, पाठीवर झोपून कंबर उचलणे, पट्टा छातीकडे ओढणे आणि फळी, प्रत्येकाच्या तीन फेऱ्या; मंगळवार, गुरुवार सूर्यनमस्कार, आठपासून सुरुवात करून बारापर्यंत. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आज उठून कपाट उघडले आणि २६ मिनिटांत सगळे संपले. यापुढे फोनला हात लावायचा तो फक्त वेळ मोजायला.

गुरुवार, २६ जून

सोमवारच्या व्यायामानंतर गुडघा जिन्यावर नेहमीपेक्षा जास्त दुखला. मंगळवार आणि बुधवार सोडून दिले. मांड्यांचे दुखणे नव्या व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी वाढते आणि मग ओसरते, हे मला माहीत होते. हे दुखणे मात्र वाटीच्या आतल्या बाजूला आणि टोचल्यासारखे होते.

आज फोन तुरडाळीच्या डब्याला टेकवून जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवला आणि समोरून व बाजूने माझेच चित्रीकरण केले. समोरून पाहिल्यावर दिसले, की खाली बसताना उजवा गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो आणि डावा प्रत्येक वेळी आत झुकतो. उठण्याच्या क्षणी तर तो जवळजवळ उजव्या गुडघ्याला चिकटतो. बाजूने पाहिल्यावर डावी टाच बोटभर उचललेली दिसली. अशी टाच का उचलते, याचा उलगडा मला लगेच झाला. आमचे वडील सांगलीत तालमीत जायचे आणि घरी अंगणात बैठका काढायचे. त्या बैठकीत माणूस पार खाली जातो, टाचा उचलतात आणि भार चवड्यांवर येतो. लहानपणापासून तेच पाहिले असल्यामुळे बसायचे म्हटले की माझे शरीर ती बैठक काढायला जाते. ती पद्धत चुकीची नाही, पण ती रोज काढून तयार झालेल्या पायांची आहे, आणि माझे पाय अठरा वर्षे खुर्चीत गेले आहेत.

दुरुस्ती अशी केली: खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवली, म्हणजे खोल जावे लागत नाही. गुडघ्यांच्या किंचित वर सर्वांत हलका पट्टा बांधला, जेणेकरून गुडघे बाहेर रेटत ठेवावे लागतात. खाली जाताना मनात चार अंक मोजायचे आणि टाचेखाली ठेवलेला पातळ कागद सुटू द्यायचा नाही. तीन फेऱ्यांऐवजी दोनच. पुन्हा चित्रीकरण केले. पहिल्या सहा वेळा गुडघा रेषेत राहिला आणि सातव्यांदा झुकला, म्हणून संख्या सहावर थांबवली.

हे मला कोणत्याही चित्रफितीने सांगितले नव्हते, आणि सांगणे तिला शक्यही नाही, कारण तिला मी दिसत नाही. जानेवारीत ४,९९९ रुपये देऊन मी जी वस्तू घेतली, तिच्यात नेमका हाच भाग नव्हता.

शुक्रवार, ४ जुलै

एक किरकोळ अपघात. पट्टा दाराच्या फटीत अडकवून ओढत होते आणि दार माझ्याच बाजूला उघडणारे होते. तिसऱ्या ओढीला दार उघडले, पट्टा सुटला आणि मनगटाच्या वर वळ उठला. डोळ्याला लागला असता तर काय झाले असते, या विचाराने हात थरथरत होते. पट्टा बांधायचा दरवाजा नेहमी आपल्यापासून दूर उघडणारा असावा, पट्ट्याला गाठ मारून ती दाराच्या पलीकडच्या बाजूला ठेवावी आणि दाराला कडी घालावी. घरात लहान मूल असेल तर दाराची पद्धत वापरूच नये. खिडकीच्या गजाला पट्टा बांधावा.

रविवार, १३ जुलै

चार आठवडे पूर्ण झाले. ठरवलेल्या २० दिवसांपैकी १४ दिवस व्यायाम झाला. राहिलेल्या सहांपैकी दोन गुडघ्यामुळे, दोन महिनाअखेरच्या कामामुळे आणि दोन निव्वळ आळसामुळे गेले. ओट्यावरचे जोर ९ वरून १४ झाले, खुर्चीवरची उठबस १४ वरून १७ आणि फळी २२ सेकंदांवरून ४१ सेकंद. कंबर तेवढीच आहे आणि वजनकाट्यावर फरक नाही. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद बरीचशी शरीराला हालचाल अंगवळणी पडल्यामुळे असते, स्नायू मागाहून वाढतात. त्यामुळे एकवीस दिवसांत देह बदलण्याचे आश्वासन देणाऱ्या कार्यक्रमाला मी यापुढे पहिल्याच पानावर बाद करीन.

दरम्यान जुन्या तक्रारीचे उत्तर आले: मुदत उलटून गेल्यामुळे परतावा नाही, हवे असल्यास सहा महिने वाढवून देऊ. मी नकार दिला. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु घड्याळाचा पुरावा नाही आणि ११ दिवस मी ती सेवा वापरलेली आहे, म्हणून तो विषय तिथेच सोडते.

रविवार, २० जुलै

आता पैसे देऊन पाहायची वेळ आली. पाचांपैकी एका थेट वर्गाची सात दिवसांची चाचणी २९९ रुपयांना घेतली. पहाटे सहाच्या वर्गात साठ-बासष्ट माणसे होती. शिकवणारा उत्साही होता, आवाज स्पष्ट होता आणि वेळ एकदाही चुकली नाही. पण पाच वर्गांत माझे नाव एकदाच घेतले गेले आणि तेही हजेरीसाठी. गुरुवारी मी मुद्दाम डावा गुडघा आत झुकवून सहा वेळा बसले. कोणीही टोकले नाही. साठ चौकोनांतून एक गुडघा पाहणे माणसाला शक्य नाही, हे मला मान्य आहे. मग तो वर्ग थेट असण्याचा उपयोग फक्त वेळेवर उठवण्यापुरता राहतो. काहींना तेवढेच हवे असते आणि त्यांच्यासाठी तो योग्यही असेल.

अडचण माझ्या बाजूनेही होती. पहिले दोन दिवस फोन टेबलावर ठेवला होता आणि त्यात माझा चेहराच दिसत होता. पूर्ण शरीर दिसायला फोन आठ फुटांवर चपलांच्या मांडणीवर ठेवावा लागला आणि तिथून आवाज ऐकू येईना. मुलाचा छोटा ब्लूटूथ स्पीकर मॅटजवळ ठेवल्यावर प्रश्न सुटला. हे जमणार नसेल, तर थेट वर्गाचे पैसे भरून चित्रफीतच पाहिल्यासारखे होते.

सोमवार, २१ जुलै

ज्या प्रशिक्षिकेने मला तीन प्रश्न विचारले होते, त्यांच्या वर्गात नाव घातले. आठ जणांची तुकडी, सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी पावणेसहा ते सव्वासहा, चार आठवड्यांचे १,८०० रुपये, सर्व करांसह. तीन महिन्यांचे एकदम भरल्यास ४,८०० होते. मी चारच आठवड्यांचे भरले आणि ऑटोपेची परवानगी न देता एकदाच रक्कम पाठवली.

पहिल्याच वर्गात पंधराव्या मिनिटाला आवाज आला: "ताई, गुडघा छान आहे, पण तुम्ही उठताना सगळा भार उजव्या पायावर घेताय. डावा पाय चार बोटं मागे घ्या." घेतला. डाव्या मांडीच्या मागच्या बाजूला ताण आला, तिथे तो इतक्या आठवड्यांत एकदाही आला नव्हता. मी स्वतःचे चित्रीकरण चार वेळा पाहिले होते आणि गुडघाच पाहत राहिले होते. कमरेकडे माझे लक्षच गेले नव्हते.

रविवार, १७ ऑगस्ट

बारांपैकी दहा वर्ग झाले, म्हणजे एका वर्गाला १८० रुपये पडले. एक वर्ग आदल्या रात्री उशीर झाल्याने बुडाला आणि एक इंटरनेट गेल्याने. १५ ऑगस्टला सुट्टी होती, तर त्याच्या बदली शनिवारी वर्ग घेतला गेला. चार आठवड्यांत मला एकूण किती सूचना मिळाल्या ते लिहून ठेवले होते: पहिल्या आठवड्यात अकरा, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात तीन आणि चौथ्यात दोन. माझ्या निर्णयाला या चार आकड्यांचा सर्वांत जास्त उपयोग झाला. मी पैसे देते ते माझ्या चुका दिसण्यासाठी. चुका कमी झाल्यावर तेच पैसे केवळ पहाटे उठवण्याचे होतात, आणि जूनच्या कागदाने दाखवले की मी त्याच्या भरवशावर आठवड्यातले तीन-चार दिवस उठते.

प्रशिक्षिकेला हे जसेच्या तसे सांगितले. त्यांना वाईट वाटले नाही. त्यांनी माझ्या कागदातले दोन व्यायाम बदलून दिले: ओट्याऐवजी दिवाणाच्या कडेवर जोर, आणि एका पायावर कंबर उचलणे. तीन महिन्यांनी पुन्हा चार आठवडे यायचे, असे ठरले.

मंगळवार, १९ ऑगस्ट

पावसाने लोकल बंद पडल्या. ठाण्याच्या पुढे जाता आले नाही. परत घरी यायला दुपार झाली. सकाळचे सूर्यनमस्कार बुडाले होते, ते संध्याकाळी केले. बारा झाले.

रविवार, ३१ ऑगस्ट

गणपतीचा आठवडा. घरी पाहुणे, दिवाणखान्यात मखर, दिवाण हलवायला जागा नाही आणि आज गौरी आल्या. स्नायू बळकट करण्याच्या तीन ठरलेल्या दिवसांपैकी एकच जमला, तोही स्वयंपाकघरात, मोदकांचे सारण निवत असताना ओट्यावर जोर काढून. वर्षाचे पैसे भरले असते तरी हा आठवडा असाच गेला असता, आणि भरण्याआधी हे दिवस कोणी वजा करत नाही. गणपती, दिवाळी, मुलाच्या परीक्षा, मार्चअखेर आणि उन्हाळ्यात गावी जाणे मिळून माझ्या वर्षातले निदान आठ आठवडे जातात. म्हणजे वर्षाच्या किमतीला बावन्नाने नव्हे, चव्वेचाळीसने भागायला हवे.

रविवार, १४ सप्टेंबर

१८ ऑगस्टपासून चार आठवड्यांत कागदावरचे स्नायू बळकट करण्याचे बारा दिवस ठरले होते, नऊ झाले. खुर्चीवरची उठबस उशा काढून २०. फळी ५५ सेकंद. ओट्यावरचे जोर १९ आणि दिवाणाच्या कडेवरचे ८. कंबर साडेसदतीस इंच. जिना उतरताना गुडघा आठवड्यातून एखाद्या वेळी दुखतो, रोज नाही. जूनपासूनचा खर्च: डॉक्टर ४००, मॅट ६४९, पट्टे ५५०, चाचणी २९९ आणि वर्ग १,८००, एकूण ३,६९८ रुपये. जानेवारीचे ४,९९९ धरले तर ८,६९७.

बहिणीशी आज तासभर बोलणे झाले. तिची परिस्थिती माझ्यासारखी नाही. ती रोज पहाटे फिरायला जातेच, तिला उठवायला कोणी नको आहे. तिच्या घरी जागाही भरपूर आहे आणि गुडघे ठणठणीत आहेत. जो कार्यक्रम ती घेणार होती तो चित्रफितींचा साठाच आहे. त्यातली एक संपूर्ण चित्रफीत फुकट दाखवायला सांग, असे मी तिला म्हणाले. तिने विचारले, तर अर्ध्या मिनिटाची जाहिरातच मिळाली. तिने तो विचार सोडला. माझ्या कागदाचे छायाचित्र तिला पाठवले आणि समोरून व बाजूने चित्रीकरण करून पाठव, असे सांगितले. संध्याकाळी तिची चित्रफीत आली. गुडघे रेषेत आहेत, पण खाली जाताना पाठ कमानीसारखी वाकते आहे आणि नजर जमिनीकडे आहे. समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक टिकली चिकटवून तिच्याकडे पाहत बस, असे कळवले. तिने चार आठवडे असे करायचे, मग प्रशिक्षिकेच्या आठ जणांच्या तुकडीत एकच महिना जायचे, आणि तेव्हाही सूचना किती मिळतात ते आठवड्याआठवड्याने लिहायचे, असे आमचे ठरले आहे.

माझा पुढचा महिना दिवाळीनंतर, १० नोव्हेंबरला सुरू होईल. पैसे आदल्या दिवशी, एकदाच भरायचे. यूपीआयमधल्या परवानग्यांची यादी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाहायची, असे कागदाच्या तळाशी लिहून ठेवले आहे.